पांढरा-लाल-हिरवा कोपरा

रामनगर
११ मार्च १९९५

ती. अण्णास,

फुलाचा नमस्कार. घरी सगळे खुशाल आहेत असं लिहायचं असतं, पण अर्जुन यांची दाढ सुजली आहे आणि ते सायकलच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांवर डाफरताहेत. (नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून हसू नकोस. तोंडानं घेत नाही, कागदावर चालतं.)

मुद्द्याचं लिहिते. यंदा वैशाखातल्या शिवजयंतीला युवक मंडळाच्या मांडवात पुन्हा ठोकळा स्पर्धा भरवायचं माझ्या मनात आहे. होय, तोच सहा रंगांचा ठोकळा, मडगावच्या मामानं आपल्या दोघांना एकेक आणून दिलेला. बारा वर्षांनी हिला आता काय चळ लागला, असं म्हणशील. लागला खरा. आता हे ठोकळे पन्नास रुपयांत कुठंही मिळतात. सायकल दुरुस्त होईपर्यंत अणशीची, बाजारकुणंगची माणसं आमच्या पायरीवर बसतात, त्यांच्या हातात मी ठोकळा देते. नागू म्हणून अणशीचा एक जंगलात मजुरीला जाणारा गडी आहे. तो सव्वा मिनिटात लावतो. दीड मिनिटाच्या आत तुला कधी आलं नाही, गुरुजी!

पण मांडव उमाजीकाकांच्या हातात. सुप्याच्या धरणात शेत गेल्यापासून काका मंडळाचे कायमचे अध्यक्ष झालेत, उठायचं नाव नाही. मी विचारायला गेले तर म्हणाले, "तुज्या हातात नियम कसं द्यायचं गो? त्या साली भर मांडवात ठोकळा उघडाय निघालीस तू. तुजे अण्णा पुंडलिक गुरुजी पंच म्हणून येत असतील तर मांडव देतो, न्हाईतर न्हाई."

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही. आज लिहून टाकते.

रीत मीच बसवली होती. प्रत्येकानं आपला लावलेला ठोकळा पडद्याआड द्यायचा. पडदा म्हणजे आईची हिरवी चादर. आत बसलेल्यानं माझ्या चिठ्ठ्यांतली एक उचलून तिच्यावरच्या वीस फेऱ्यांप्रमाणे ठोकळा विस्कटायचा आणि टेबलावर रुमालाखाली ठेवायचा. रुमाल उचलला की घड्याळ सुरू. मी स्वतः खेळणार, म्हणून पडद्याआड तुला बसवलं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नव्हता. ठोकळा लावायला मला तूच शिकवलास ना, मामाच्या इंग्रजी पुस्तिकेतलं एकेक चित्र मराठीत समजावून.

घरी मी पंचावन्न सेकंदांत लावत होते. आप्पांनी शब्द दिला होता, जिंकलीस तर बेळगावच्या स्पर्धेला जायचं आणि तिथंच मावशीकडे राहून कॉलेज करायचं. हरलीस तर खानापूरचं स्थळ. ती मंडळी दुसऱ्या रांगेत पान खात बसलीही होती.

रुमाल उचलला, चाळीस सेकंदांत शेवटच्या पिवळ्या बाजूवर आले, आणि पिवळा-निळा-नारिंगी कोपरा उलटा. बाकी सगळं जागच्या जागी, तो एकटा उलटा. मी समजले, कोपरा पिळला गेलाय, म्हणजे जागेवरच स्वतःभोवती फिरलाय. असा ठोकळा वर्षभर फिरवला तरी लागत नाही, उघडूनच बसवावा लागतो, एवढंच तेव्हा मला माहीत होतं; ढिला कोपरा अंगठ्यानंही पिळता येतो हे पुढं दुकानात कळलं. मी फटीत नख घातलं आणि पडद्याआडून बाहेर येऊन तू म्हणालास, "नियम चार." नियम चार माझ्याच अक्षरातला. मांडवात ठोकळा उघडील तो बाद. मुदत दहा मिनिटांची होती. मी दहा मिनिटं तशीच बसून राहिले. लोकांच्या लक्षात राहिलं ते माझं नख.

दोष माझाच. आईच्या शिवणयंत्राचं तेल घालघालून मी ठोकळा इतका ढिला केला होता की घाईत कोपरा आपोआप पिळला असणार. तूही तेव्हा हेच म्हणालास. महिन्याभरात एकाच मांडवात दोन लग्नं लागली, तुझं आणि माझं. खानापूर सोडून अर्जुन यांनी इथं दुकान टाकलं आणि तुला खानापूरला शाळा मिळाली. आम्ही सुखात आहोत. फक्त गावात "नियम करणारी फुलाक्का" म्हटलं की माणसं अजून गालातल्या गालात हसतात. ते तेवढं पुसायचं आहे. म्हणून तू ये. वहिनींनाही आण. पंच म्हणून बस आणि एकदा लोकांसमोर सांग, की तो अपघात होता, फुलानं चोरी केली नव्हती. तुझ्या शब्दाला इथं वजन आहे.

तुझी,
फुला


रामनगर
२ एप्रिल १९९५

अण्णा,

तुझं पत्र आलं. परीक्षांमुळे जमणार नाही, हे वाचून वाईट वाटलं. पण त्याच्या पुढचं वाक्य मी दुकानात उभ्या उभ्या चारदा वाचलं. तुझ्याच अक्षरात तुला परत लिहून पाठवते.

"झालं गेलं विसर. एक पांढरा-लाल-हिरवा कोपरा पिळला म्हणून माणसाचं आयुष्य अडत नाही."

अण्णा, पांढरा-लाल-हिरवा कुठून आणलास?

मांडवात सगळ्यांनी बघितला तो पिवळा-निळा-नारिंगी. ज्याला त्याला मी सांगितला तोही तोच. पांढरा-लाल-हिरवा कुणाला दिसलाच नाही, दिसणार नाही. मी पांढऱ्यापासून सुरुवात करते. तिथले चारही कोपरे पहिल्यांदा नीट बसवते. त्यातला एखादा पिळलेला असला तरी त्या वेळी तो गुमान बसतो आणि त्याची चूक शेवटच्या पिवळ्या कोपऱ्यावर जाऊन निघते. त्यामुळे मुळात कुठला पिळला होता हे सोडवणाऱ्याला कळत नाही. मलासुद्धा बारा वर्षं माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा रस्ताच नाही. ते एकाच माणसाला माहीत असतं. ज्यानं अंगठ्यानं पिळला त्याला.

तुझं पत्र खाली ठेवून मी ठोकळा हातात घेतला. लावलेला ठोकळा द्यायची माझी एक सवय आहे. पांढरा वर, हिरवा समोर, लाल उजवीकडे. तसाच मी तो चादरीआड तुझ्या हातात दिला होता. उजवा अंगठा सहज जिथं पडतो तिथं कुठला कोपरा येतो, बघ. मी दहा वेळा बघितलं.

तेल जास्त झालं नव्हतं. माझी घाई नव्हती. तू होतास.

आणि कशासाठी, हे विचारायचीही गरज नाही. साटंलोटं ठरलं होतं. शकुंतला तुला, मी तिच्या भावाला. मी बेळगावला गेले असते तर माझं मोडलं असतं, आणि माझं मोडलं की तुझं मोडलं. शकुंतलावहिनी तुला जत्रेत बघितल्यापासून आवडल्या होत्या, मला ठाऊक होतं. मला सांगायचं होतंस रे. हात धरून म्हणायचं होतंस, फुला, माझ्यासाठी हरशील का? कदाचित हरले असते. त्या वयात मी तुझ्यासाठी काय केलं नसतं? पण तू विचारलं नाहीस. तू पिळलास, वर "नियम चार" म्हणालास, आणि दहा मिनिटं शेजारी उभा राहून माझ्याकडे बघत होतास. पाचव्या मिनिटाला मला पाणी आणून दिलंस. ते पाणी मला अजून आठवतं, मी त्याबद्दल तुझे उपकार मानत आले.

राग येतोय तो कोपऱ्याचा कमी. बारा वर्षं तू मला मान खाली घालून चालू दिलंस, त्याचा जास्त. दर दिवाळीला ओवाळलं की ताटात काहीतरी टाकून म्हणायचास, "फुला, मनाला लावून घेऊ नकोस, चूक कुणाकडूनही होते." कुणाकडूनही!

मला एवढंच हवं आहे. शिवजयंतीला ये आणि लोकांना सांग.

फुला


रामनगर
१६ एप्रिल १९९५

रा. रा. पुंडलिक गुरुजी यांस,

आपलं उत्तर मिळालं. आपण लिहिता की कोपऱ्याचा रंग मीच आपल्याला कधीतरी सांगितला असेन. आपण लिहिता की कोपरा अंगठ्यानं पिळता येतो हे आपल्याला आजही ठाऊक नाही, आपण शिकवलं ते सगळं पुस्तिकेतलं. आणि शेवटी आपण लिहिता की दोन घरं एका गाठीनं बांधलेली आहेत, तोंड उघडण्याआधी विचार कर.

नाही, मला हे अहो-जाहो जमत नाही. अण्णा, तू मला धमकी दिलीस. बहिणीला.

म्हणून मी आधी माझ्या घरात सांगितलं. अर्जुन ट्यूबला ठिगळ लावत होते. दोन्ही पत्रं वाचून दाखवली. त्यांना ठोकळ्यातलं काही कळत नाही, तरी मी कोपरा पिळून दाखवला. बराच वेळ ते ठिगळावर अंगठा दाबून बसले. मग म्हणाले, "म्हंजे तू जिंकली असतीस तर मी तुला मिळालो नसतो, व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मग मी आता राग कुणाचा धरू?" असं म्हणून त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे आले नाहीत. मला रडू आलं, कारण हा माणूस चांगला आहे आणि त्याला मी अशा रीतीनं मिळाले हे त्याला माझ्या तोंडून कळलं. हेसुद्धा तुझंच काम होतं, अण्णा, तेही मी केलं.

घर मोडणार नाही आमचं. ती काळजी करू नकोस.

मांडव मिळाला नाही. तू येत नाहीस म्हटल्यावर उमाजीकाकांनी हात झटकले. स्पर्धा आमच्या दुकानापुढच्या अंगणात होईल. अर्जुन सायकली मागं लावणार आहेत.

सोबत पार्सल आहे. त्यात तोच ठोकळा आहे, त्या दिवसाचा. लग्नात ट्रंकेत टाकला तो मी कधी उघडला नाही. आपल्या चुकीला हात लावायचा धीर नव्हता मला. सगळा लागलेला आहे, फक्त पिवळा-निळा-नारिंगी कोपरा उलटा. तुला लोकांपुढं बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पत्रही लिहू नकोस. तो कोपरा अंगठ्यानं परत पिळ आणि ठोकळा माझ्याकडे पाठव. एका सेकंदाचं काम आहे, तुला ते येतं. मी समजेन की तू कबूल केलंस. मग मी कुणाला काही सांगणार नाही. बारा वर्षं सोसलं, पुढचंही सोसेन, पण खोटं धरून नव्हे.

फुला


रामनगर
२७ एप्रिल १९९५

अण्णा,

पार्सल आज आलं. वर चिठ्ठी, "लागला बघ." ठोकळा सहाही बाजूंनी बरोबर.

क्षणभर मी तुला सगळं माफ केलं. खरंच केलं. स्वयंपाकघरात जाऊन अर्जुन यांना म्हटलं, "माझा अण्णा हाय त्यो शेवटी."

मग बोटाला चिकट लागलं. त्या कोपऱ्यावरचे तीन रंगांचे कागद ब्लेडनं सोडवून, जागा बदलून, डिंकानं परत चिकटवले आहेत. निळ्याचं एक टोक फाटलंय. पिवळ्याखाली डिंकाचा फुगा राहिलाय.

कोपरा तू पिळला नाहीस. कारण पिळला असतास तर पिळता येतो हे कबूल झालं असतं. ज्याला येत नाही तो माणूस कागद सोलतो, म्हणून तू कागद सोललेस. एका सेकंदाच्या कामाला तू अर्धी दुपार घातलीस, फक्त आपल्याला येत नाही हे दाखवायला. बारा वर्षांपूर्वी तू पोरगा होतास, नवऱ्या मुलीसाठी वेडा झाला होतास, असं मी मनाला समजावत होते. आज तू पस्तिशीचा आहेस, मुलांना शिकवतोस, आणि शांत डोक्यानं, ब्लेड घेऊन बसून मला पुन्हा फसवलंस.

पहिल्यापेक्षा हे जास्त लागलं.

मी तुझं नाव घेणार नाही, असं म्हटलं होतं. तू कबूल केलंस तर, असं म्हटलं होतं. तरीही नाव घेणार नाही. पण यंदाच्या स्पर्धेत पडदा नसेल.

फुला


रामनगर
३ मे १९९५

अण्णा,

स्पर्धा झाली. तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच कळवते.

चौदा जण आले. कुळगीहून तिघं, अणशीहून नागू आणि त्याची मेहुणी गुणा, बाकीचे इथले. विस्कटायचं काम टेबलावर, सगळ्यांसमोर, चिठ्ठीवरची फेरी मोठ्यानं वाचून. उमाजीकाका हाताची घडी घालून रस्त्यापलीकडे उभे होते, मग हळूहळू अलीकडे आले, मग खुर्ची मागितली. अर्जुन यांनी नवा शर्ट घातला होता आणि घड्याळ त्यांच्याकडे होतं.

आणि वहिनी आल्या. एकट्या. खानापूरच्या पहिल्या एसटीनं. मार्चमधलं माझं आमंत्रण त्यांनी लक्षात ठेवलं होतं, पुढची पत्रं तू त्यांना दाखवलेली नव्हतीस. "ह्यांना पेपर तपासायचेत," म्हणाल्या, "पण तुझी स्पर्धा, मी कशी चुकवू?" आणि पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्या डब्यात माझ्यासाठी करंज्या होत्या. मी काय करायला हवं होतं, तूच सांग. स्पर्धा थांबवायची? त्यांना घरात पाठवायचं? मनात दोन्ही आलं. मी काहीच केलं नाही.

सुरुवातीला उमाजीकाकांनी खोड काढलीच. "ह्या खेपेला कोपरा आपोआप पिळणार न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, "काका, तुम्हीच पिळा, कसा ते नागू दाखवील. मी पाठ फिरवते. कुठलाही एक पिळा आणि मग विस्कटा."

पाठ फिरवली. मागं हसाहस चालली होती. ठोकळा हातात आला, मी लावला, शेवटी पिवळा-निळा-नारिंगी उलटा राहिला. मी तो वर धरून दाखवला.

"ह्यो न्हाई पिळला मी!" काका ओरडले. "मी खालचा पिळला व्हता, पांढऱ्याकडचा!"

"पण राहिला हा," मी म्हटलं. "कुठलाही पिळा, माझ्या हातात शेवटी पिवळाच राहतो."

काकांनी ठोकळा उलटापालटा करून बघितला. "मग पिळला कुठला, ते कळायचं कसं?"

"पिळणाऱ्यानं सांगितलं तरच."

"आणि आपोआप पिळला तर?"

"तर कुणालाच कळायचं न्हाई. जन्मात न्हाई."

एवढंच बोलले. मी पुढचा ठोकळा घेतला. पण काका अध्यक्ष काही उगाच नाहीत. ते तसेच उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "त्या साली पडद्याआड कोण व्हतं गो फुला?"

तू जसा दहा मिनिटं गप्प उभा होतास, तशी मी गप्प उभी राहिले. मला दहा मिनिटं लागली नाहीत.

वहिनी म्हणाल्या, "आमचेच व्हते." इतक्या हळू म्हणाल्या की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मग माझ्याकडे बघितलं. "फुला, तुला पत्रात काय लिवलं ह्यांनी? कुठला कोपरा?"

त्यांना कसं कळलं की तू पत्रात लिहिलंस? नाही कळलं. महिनाभर पत्रं येता-जाताना तेवढी त्यांनी बघितली होती; त्यांनी नुसतं विचारलं, तुझ्याबरोबर बारा वर्षं काढलेल्या बाईनं विचारावं तसं. मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "पांढरा-लाल-हिरवा."

त्यांनी उमाजीकाकांच्या हातातला ठोकळा घेतला आणि तो कोपरा शोधला. पहिल्यांदाच ठोकळा हातात धरत होत्या, त्यांना वेळ लागला. सापडल्यावर त्यावर बोट ठेवून मला विचारलं, "माज्यापायी?"

मला बरं वाटलं असं तुला लिहिता आलं असतं तर सोपं होतं. नाही वाटलं. बारा वर्षं मी ज्या दिवसाची वाट बघत होते तो आला, लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या, उमाजीकाकांनी सगळ्यांदेखत "पोरी, चुकलं आमचं" म्हटलं, आणि मी त्या वेळी फक्त वहिनींचं बोट बघत होते. तुझ्या एका पिळण्यात आम्ही दोघी होतो. एकीला तू हरवलंस आणि दुसरीला तू जिंकून आणलंस म्हणून इतकी वर्षं मिरवलंस.

स्पर्धा नागूनं जिंकली. एक मिनिट नऊ सेकंद. त्याआधी मी सगळ्यांच्या आग्रहावरून एकदा लावून दाखवला, बावन्न सेकंद. अर्जुन यांनी घड्याळ तीनदा बघितलं.

वहिनी दुपारच्या गाडीनं निघाल्या. करंज्यांचा डबा इथंच राहिला. जाताना त्यांनी तुझा तो डिंकानं चिकटवलेला ठोकळा माझ्याकडून मागून घेतला. मी आधी कागद परत जागच्या जागी लावले, म्हणजे कोपरा होता तसा उलटा दिसतो. पिळायचा कसा ते त्यांना दाखवलं नाही. त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर ह्यांनाच इचारते, कसा नीट करायचा."

हे पत्र पोचेपर्यंत त्यांनी विचारलेलं असेल. तुला येत नाही, असं त्यांना सांगू नकोस.

फुला